पानं पिवळी दिसली की लगेच युरिया टाकू नका
आधी कुठली पानं पिवळी पडलीत ते नीट बघा. नत्र (म्हणजे नायट्रोजन) कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. वरची कोवळी पानंच पिवळी असतील तर बहुतेक लोह नाहीतर गंधक कमी असतं, तिथं युरिया टाकून पैसे वाया जातात.

आणि युरिया द्यायचाच असेल तर कोरड्या जमिनीवर नुसता फेकून देऊ नका, हे मी कळकळीनं सांगतोय, कारण युरियात ४६ टक्के नत्र असतं म्हणजे ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो, आणि उन्हात उघडं पडलं की त्यातलं बरंचसं अमोनिया होऊन उडून जातं. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना द्या, मातीत मिसळा, एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या. पाणी साचलेल्या रानात तर अजिबात नको.

सोयाबीन, हरभरा असेल तर पेरताना बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळा, हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, तो मुळांवरच्या गाठीतले जिवाणू फुकट आणून देतात.