‘इनव्हॅल्युएबल’ कुठे वापरायचा, कुठे नाही

‘इन’ लागला की अर्थ उलटतो, हे शाळेतच डोक्यात बसलेलं असतं: करेक्ट–इनकरेक्ट, कम्प्लीट–इनकम्प्लीट. त्याच हिशोबाने ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असं वाटतं. खरा अर्थ ‘अतिशय मोलाचा’. इथे ‘व्हॅल्युएबल’चा जुना अर्थ धरायचा: ज्याची किंमत ठरवता येते असा. किंमत ठरवताच येत नाही इतका मोलाचा, तो इनव्हॅल्युएबल. आपला ‘अमूल्य’ अगदी असाच घडला आहे. ‘अ’ असूनही तिथे आपण अडखळत नाही.

हा शब्द शोभतो तो उपयोगी पडलेल्या गोष्टींना: मदत, सल्ला, अनुभव, माहिती, एखादं साधन किंवा सहकारी. ‘युवर ॲडव्हाइस वॉज इनव्हॅल्युएबल’ हे चपखल वाक्य. कोणाला उपयोग झाला ते सांगताना पुढे ‘टू’ येतो (इनव्हॅल्युएबल टू अस), कोणत्या कामात ते सांगताना ‘इन’ (इनव्हॅल्युएबल इन फाइंडिंग द फॉल्ट), आणि कशासाठी ते सांगताना ‘फॉर’. शब्दाआधी आर्टिकल हवं असेल तर ‘ॲन’.

सोन्याच्या हाराला मात्र ‘व्हॅल्युएबल’च म्हणा, कारण त्याचा भाव सराफ काढून देतो. संग्रहालयातलं जुनं चित्र किंवा आजीची नथ असेल, तर ‘प्राइसलेस’. पण हा शब्द जपून वापरा: ‘हिज फेस वॉज प्राइसलेस’ म्हणजे त्याचा चेहरा बघून हसू आवरेना. साहेबांच्या भाषणाला प्राइसलेस म्हणाल, तर कौतुकाऐवजी थट्टा वाटू शकते.

कवडीमोलसाठी ‘वर्थलेस’ आणि ‘व्हॅल्युलेस’ हे शब्द आहेत. ‘वर्थलेस’ माणसाला लावला तर ती शिवीच होते. कागदपत्रांत ‘ऑफ नो व्हॅल्यू’ लिहिलेलं बरं.

‘व्हेरी इनव्हॅल्युएबल’ किंवा ‘मोअर इनव्हॅल्युएबल’ लिहू नका. मोजमापाच्या पलीकडे गेलेल्या गोष्टीला ‘फार’ आणि ‘जास्त’ लावले की कानाला खटकतं. जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्युटली’ चालतो. तुलना करायची असेल तर सरळ ‘मोअर व्हॅल्युएबल’वर या.

बायोडेटात स्वतःच्याच कामाला हे विशेषण लावू नका, बढाई वाटते. शिफारसपत्रात दुसऱ्यासाठी एकदाच वापरा आणि लगेच पुढच्या वाक्यात त्या माणसाने नेमकं काय केलं ते लिहा. बोलताना जोर ‘व्हॅ’वर द्यायचा, ‘इन’वर नाही.