मरणाऱ्या ताऱ्याचे चित्र भिंतीवर लावताना या चुका टाळा

ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या वायूचा उजळलेला ढग, स्वतः कॅमेऱ्याने टिपून, मोठा छापून भिंतीवर लावण्याची हौस कोकणातही चांगली रुजली आहे. मात्र मला दाखवायला आणलेल्या चित्रांतील चुका दरवर्षी त्याच असतात.

हिरवा रंग पुसणे ही त्यांतील सर्वांत मोठी. सूर्यासारखा तारा अखेरच्या काळात आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो, उघडा पडलेला तप्त गाभा अतिनील किरण फेकतो आणि त्या किरणांनी वायू प्रकाशू लागतो. त्यात दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला निळसर हिरवा उजळतो. हा कॅमेऱ्याचा दोष समजून नवशिके संगणकाच्या एका कळीने तो घालवतात. मीही घालवला होता. गुहागरजवळच्या सड्यावर ऑक्टोबरच्या चार रात्री जागून टिपलेल्या डंबेल तेजोमेघाचे मी गुलाबी फूल करून टाकले आणि ते मोठ्या अभिमानाने भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त सरांना दाखवले. त्यांनी चष्मा सरकवून एवढेच विचारले, "ऑक्सिजन कुठे ठेवलास रे?" १८६४ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील अशाच तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा ही हिरवी रेषा कोणत्याच परिचित मूलद्रव्याशी जुळेना; पुढे तिच्यासाठी 'नेब्युलियम' हे मूलद्रव्यही कल्पिले गेले, आणि ती ऑक्सिजनचीच असल्याचे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवले ते १९२७ मध्ये. आता मी आसपासच्या पांढऱ्या ताऱ्यांवरून रंगसंतुलन साधतो आणि त्यानंतर हिरव्याला हात लावत नाही.

लाल रंग नंतर ओतणे हीही त्याच जातीची घाई आहे. साध्या कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. त्याला उपाय अधिक वेळ टिपत राहण्याचा, संगणकावर लाल रंगाची सरकपट्टी ओढण्याचा नव्हे.

मधला अंधुक तारा डाग समजून पुसू नये. सारा उजेड त्याच्यामुळेच आहे.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाखाली 'ताऱ्याचा मृत्यू' असे लिहू नये. तेथे तारे जन्मतात.

अभिजितजवळचा कंकणाकृती तेजोमेघ ३०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपून दोन फूट रुंद छापू नये, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत तो जेमतेम ३० पिक्सेल रुंद भरतो.

दुसरी मोठी चूक भिंत निवडण्याची. मावशीच्या चिरेबंदी घरात, समुद्राच्या बाजूच्या भिंतीवर, मी मे महिन्यात एक चित्र, कागद थेट काचेला टेकवून, चौकटीत टांगले. गणपतीला गेलो तेव्हा कागद फुगून काचेला धरला होता आणि काळ्या आकाशात पांढरट बुरशीचे नवे तेजोमेघ उगवले होते. मावशीला मात्र ते चित्र पूर्वीपेक्षा भरगच्च वाटत होते. जांभ्याची भिंत पावसाचे पाणी आत ओढते आणि खारी हवा चौकटीचे खिळेही सोडत नाही, हे चौकट करणाऱ्याने सांगितले होते. उद्याच हवे म्हणून मीच ऐकले नव्हते. तेव्हापासून कागद आणि काच यांच्यामध्ये मी जाड पुठ्ठ्याची किनार घालतो, चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावून ती भिंतीपासून बोटभर दूर ठेवतो आणि चित्र माजघरातील आतल्या भिंतीलाच लावतो. एवढे करूनही मे संपता संपता ते उतरवून कपाटात ठेवतो. पावसाळ्यात खरे तेजोमेघही आम्हांला कुठे दिसतात!