नेट स्लो आहे? प्लॅन वाढवण्याआधी एक वायर लावून बघा

साताऱ्यात फायबरच्या जोडण्या देणं आणि बिघडलेल्या जोडण्या नीट करणं हा माझा धंदा. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला फोन सुरू होतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय आणि तीसच येतंय." कशावर मोजलं, विचारलं की उत्तर येतं, मोबाइलवर. कुठे बसून? आतल्या खोलीत. मग ते तीस वाय-फायचे झाले. फायबरमधून किती येतंय हे अजून कुणी मोजलेलंच नाही. आणि एवढ्यावर लोक तीनशेचा प्लॅन घेऊन मोकळे होतात. पुढच्या महिन्यात आतल्या खोलीत पुन्हा तीसच.

तेव्हा आधी वायर. लॅपटॉप आणि कंपनीने बसवलेला राऊटर यांच्यामध्ये लॅन केबल लावा. बऱ्याच घरांत फायबरचा डबा (बाहेरून आलेली तार ज्यात जाते तो) आणि राऊटर एकच असतो. दोन वेगळे असतील तर राऊटरला लावा, कारण लॉगिन बहुधा राऊटरमध्ये भरलेलं असतं. थेट डब्याला लावलं तर नेट चालेलच असं नाही. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे राहून जातं, आणि मग माणूस वायर लावून वाय-फायच मोजत बसतो. टीव्ही, कॅमेरे, पोरांचे मोबाइल थोडा वेळ बंद ठेवा. एकदा सकाळी लवकर आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला टेस्ट घ्या, दोन्हीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. नवीन पातळ लॅपटॉपला लॅनची जागाच नसते. यूएसबीचं अडॅप्टर बाजारात मिळतं, फक्त गिगाबिट लिहिलेलं बघून घ्या.

स्पीड टेस्टचं ॲप आपणहून जवळचा सर्व्हर पकडतं, आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीचा निघतो. तिथे आकडा छानच येणार. सर्व्हर बदलून मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा निवडा आणि परत घ्या. दोन्हींत फार तफावत असेल तर घरापर्यंतची लाइन ठीक आहे, अडचण कंपनीच्या पुढच्या वाटेत आहे.

आकड्यांचा एक गोंधळ इथेच मिटवतो. प्लॅन सेकंदाला किती मेगाबिट, म्हणजे एमबीपीएसमध्ये विकला जातो, डाउनलोड करताना संगणक मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला ११-१२ एमबीने उतरत असेल तर तुम्हाला पुरेपूर मिळतंय. या एका भागाकाराने माझ्या बऱ्याच तक्रारी फोनवरच संपतात.

आता वायरवरचा आकडा बघा. तो ९३ ते ९५ वर येऊन थांबत असेल आणि प्लॅन दीडशे-दोनशेचा असेल, तर फायबरला हात लावायचं कारणच नाही. हा आकडा मला फोनवर ऐकू आला तरी पुरतो. कुठेतरी शंभर मेगाबिटची जोडणी आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. शंभरला दोन जोड्या पुरतात, नारंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली की राऊटर आणि लॅपटॉप आपसात ठरवून शंभरवर उतरतात. तुम्हाला कुणी काही सांगत नाही, दिवे लागलेले असतात, नेट चालू असतं. शाहूपुरीतल्या एका बंगल्यात नवीन राऊटर आणला होता, प्लॅन वाढवला होता, आकडा हलेना. केबलचा प्लग उजेडात धरला. पारदर्शक प्लॅस्टिकमधून सात तारा पितळी पात्यांखाली गेलेल्या दिसत होत्या आणि तपकिरी तार पात्याच्या थोडी अलीकडेच थांबली होती. प्लग कापला, नवीन दाबला, काम झालं. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो. तिथे १००/१०० असेल तर केबल, प्लग किंवा पोर्ट यांपैकी एकाकडे बघा. काही डब्यांवर चार पोर्टांपैकी एकच गिगाबिट असतं, बाकीची शंभरचीच. केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघणं फुकट आहे.

वायरवर पूर्ण स्पीड आणि मोबाइलवर अर्धाही नाही, असं झालं की तुमचा प्रश्न वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय भिंतीतून लांब जातं पण सावकाश. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण दोन भिंतींत दमतं. मोबाइलच्या वाय-फाय माहितीत लिंक स्पीड ७२ दिसला तर तो २.४ वर बसलाय, आणि प्रत्यक्षात चाळीस-पन्नासच्या वर जाणार नाही, प्लॅन हजाराचा असला तरी. राऊटरमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि टीव्ही, लॅपटॉप ५ वर जोडा. २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा. मधले आकडे शेजारच्या चॅनेलवर अर्धवट चढतात आणि दोघांचंही नुकसान करतात. फ्लॅटमध्ये वर-खाली, आजूबाजूला सगळ्यांचे राऊटर असतात, तिथे हे जास्त जाणवतं.

राऊटरची जागा हा माझा आवडता वादाचा विषय. बसवायला गेलो की मालक म्हणतात, तो डबा दिसायला नको. मग तो जातो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, नाहीतर मीटरच्या पेटीशेजारी. लोखंड, आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, आरसीसीचा कॉलम, सगळे सिग्नल खातात. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. फायबरची तार तिथपर्यंत न्यायला बसवणाऱ्याला सांगा; बसवतानाच सांगितलंत तर तो कुरकुरत का होईना पण नेतो, नंतर नाही. वरच्या मजल्यासाठी स्वस्तातला रिपीटर घेऊ नका. तो एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा वर लॅन केबल नेऊन दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता लावा.

वायरवरही स्पीड येत नाही, सकाळीसुद्धा नाही? मग फायबर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (डब्याच्या खालच्या स्टिकरवर वेगळा पत्ता असेल तर तो), लॉगिन करा आणि ऑप्टिकल माहितीचं पान शोधा. तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश, उणे आकड्यात दिसते, डीबीएम या मापात. उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २४-२५ असेल तर निवांत राहा. उणे २७ ही डब्याची सहनशक्ती संपायची जागा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१ आणि उणे २७ यांत चौपट फरक आहे. प्रकाश कमी झाला म्हणून स्पीड हळूहळू उतरत नाही. आधी काही जाणवत नाही, मग चुका वाढतात, व्हिडिओ कॉल तुटतो, आणि एक दिवस लाल दिवा लागतो. म्हणून जोडणी नवीन असतानाचा आकडा लिहून ठेवा. पुढे तोच तुमचा पुरावा.

घरातल्या घरात प्रकाश जातो तो दोन कारणांनी. कपाट भिंतीला सरकवताना पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड (डब्याला लावलेली फायबरची बारीक तार) मागे चिमटते. ती मोकळी करा, मोठ्या गोल वेटोळ्यात ठेवा, दारात दाबू नका. दुसरं, टोकाचं हिरवं कनेक्टर काढून शर्टाला पुसणं. त्याचं तोंड आठ अंशांत तिरपं घासलेलं असतं, त्यावर धूळ किंवा बोटाचं तेल बसलं तरी प्रकाश जास्त वाया जातो. निळं कनेक्टर सपाट तोंडाचं, ते हिरव्याला जोडायचं नाही. टोकात डोळा लावून बघू नका; आतला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

बाहेरचं आमच्याकडे. पावसाळ्यात खांबावरच्या जॉइंटच्या पेटीत पाणी शिरतं, खारी तार कुरतडतात, आणि गणपतीच्या आधी मांडव घालताना हमखास कुणाची तरी तार बांबूत अडकते. मिरवणुकीला उंच मूर्ती असली की तारा काठीने वर उचलतात, दुसऱ्या दिवशी आमचे फोन वाजतात. त्या आठवड्यात पॉवर अचानक चार-पाच डीबीने उतरली असेल तर तसं तक्रारीत लिहा. माणूस थेट शिडी आणि तुटलेलं फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन येईल, राऊटर रिस्टार्ट करायला येणार नाही.

रिस्टार्टचं म्हणाल तर महिन्या-दोन महिन्यांनी केला तर चालतो. रोज करावा लागत असेल तर राऊटरचा पॉवर अडॅप्टर तपासा. मूळचा हरवून दुसराच लावलेला असतो, आणि त्याला करंट पुरत नाही.

रात्रीच स्लो, सकाळी झक्कास, आणि आरएक्स पॉवरही ठीक? यात तुम्हाला घरात करण्यासारखं फार नाही. खांबावरच्या स्प्लिटरमधून एक तार साधारण ३२ घरांत वाटली जाते आणि त्या सगळ्यांत मिळून जीपॉनची (एकाच फायबरवर अनेक घरं चालवायची पद्धत) २.५ गिगाबिटच्या आसपास क्षमता असते. सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून ते चालतं. कंपनीने पुढची लाइन पुरेशी घेतली नसेल तर मात्र आयपीएलच्या मॅचला ते उघडं पडतं. फक्त त्याआधी दोन गोष्टी बघा. एक, अनलिमिटेड म्हणवणाऱ्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीसारखी मर्यादा असते, ती संपलीय का. दोन, फोटोंचा बॅकअप किंवा क्लाउडवर चढणारे कॅमेरे अपलोड भरून टाकत नाहीत ना. अपलोड तुंबलं की डाउनलोडही रखडतं.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. म्हणा, "वायरवर गिगाबिट लिंक आहे, सकाळी १९०, रात्री नऊला ३५, आरएक्स उणे २१, दोन्ही स्क्रीनशॉट आहेत." तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक घ्या. नंबर नाही तर तक्रार नाही. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वेळ घालवू नका. आणि सरकारी व्याख्येवर विसंबू नका. २०२३ पासून २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात. तुमचा आधार प्लॅनचा कागद आणि तुमचे आकडे.

कंपनी बदलायचीच ठरवलीत तर शेजाऱ्याकडे त्या कंपनीची जोडणी असेल तिथे रात्री नऊला लॅपटॉप घेऊन जा, वायर लावून मोजा, आणि जुनी जोडणी नवी चालू झाल्यावरच बंद करा.