मे महिन्यात नॅनोथर्मामीटर मांडण्याआधी

आपला नॅनोथर्मामीटर म्हणजे अर्बियम असलेल्या अतिसूक्ष्म कणांची पावडर: तिच्यावर ९८० नॅनोमीटरचा लेझर पडला की ती हिरवी चमकते, आणि तिच्या दोन हिरव्या पट्ट्यांच्या तेजाचं गुणोत्तर तापमान सांगतं. परीक्षा आटोपून तुम्ही दोघं मोजमापाला बसाल तोवर मे उजाडलेला असेल, आणि आपल्या लॅबवर उघडा स्लॅब आहे. दुपारी खोलीतच पारा ४० च्या वर जातो. तेव्हा पहिली तयारी वेळेची. पहाटे पाचला हजर राहा, चावी काकांकडून आदल्या सांजेलाच मागून ठेवा. कॅलिब्रेशनचे, म्हणजे माहीत असलेल्या तापमानाशी गुणोत्तर जुळवण्याचे, खालचे बिंदू तेवढ्या वेळातच मिळतात. आणखी खाली जायचं असेल तर नमुन्याखालचा अॅल्युमिनियमचा ठोकळा पिशवीत घालून अर्धा तास माठात सोडा. हसू नका, आम्ही तेच करत होतो.

कूलर बंद. घाम येईल, येऊ द्या. कूलरची हवा ओली असते, आणि ९८० नॅनोमीटरचा उजेड पाणी बऱ्यापैकी शोषतं. पावडर ओलसर झाली की लेझर तिला आपणच तापवतो आणि पाण्यामुळं चमकही मंदावते. म्हणून पावडर आदल्या दिवशी वाळवून दोन काचांमध्ये बंद करा. थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक काचेला अगदी लागून हवं. चार बोटं लांब असलं तर तुम्ही ठोकळ्याचं तापमान मोजाल, कणांचं नाही.

लेझर दिसत नाही, हे पुन्हा सांगतो. ९८० साठीचाच चष्मा लावा, यात्रेतला काळा गॉगल चालत नाही. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. दुपट्टा बांधून याल तो बाहेरच्या खुंटीला. स्पेक्ट्रोमीटरपुढं (उजेडाचे रंग वेगळे करून मोजणारं यंत्र) लेझर अडवणारा फिल्टर बसवला की नाही, ते एकानं बघावं आणि दुसऱ्यानं पुन्हा बघावं.

आता ट्यूबलाइट. ती चालू असतानाच आधी तिचा स्पेक्ट्रम घ्या. ट्यूबमधल्या पाऱ्याच्या रेषा ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरला दिसल्या तर यंत्र ठीक. मग ती बंद करा, व्हरांड्यातला सीएफएलही बंद करा, खिडकीला काळं कापड लावा आणि अंधाराचं रीडिंग साठवा. काहून? अर्बियमचे आपले दोन हिरवे पट्टे ५२५ आणि ५४५ च्या आसपास. सीएफएलमध्ये टर्बियम असतं, तेही ५४५ च्या जवळच हिरवं चमकतं आणि आपल्या आकड्यात गुपचूप मिसळतं. गंमत म्हणजे आपल्या पावडरीतले इट्रियम, इटर्बियम, अर्बियम आणि हे टर्बियम, चौघांची नावं स्वीडनमधल्या इटरबी या एकाच गावावरून पडली. गाववाले सोबत आले की ओळखायला त्रास होतोच.

लाइन जाणार हे धरूनच चाला. लेझर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर घ्या, हीटर घेऊ नका, तो बॅटरी खाऊन टाकतो. लाइन परत आल्यावर लेझर अर्धा तास गरम होऊ द्या. डायोड एक अंश तापला की त्याची तरंगलांबी साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते. दोन्ही पट्टे एकाच आयनातून येतात म्हणून गुणोत्तर बरंच सांभाळून घेतं, पण भरवसा ठेवण्याआधी पॉवर निम्मी करून बघा. गुणोत्तर खाली आलं तर लेझरच पावडर तापवत होता. मग आणखी कमी करा.

प्रत्येक बिंदूवर दहा मिनिटं थांबा. वहीत वेळ आणि खोलीचं तापमानही लिहा. २७ वरून ३७ अंशांवर गेलात की ५२५ भागिले ५४५ हे गुणोत्तर अंदाजे ११ टक्क्यांनी वाढायला हवं. आलेखात गुणोत्तराचा लॉग आणि एक भागिले तापमान, पण केल्व्हिनमध्ये. २७३ मिळवायचं मागच्या बॅचचं राहून गेलं होतं. रेष सरळ हवी, उतार उणे हजार ते अकराशेच्या घरात. तसा आला नाही तर मला फोन लावण्याआधी व्हरांड्यात जाऊन तो सीएफएल कोणी लावला का, ते बघून या.