स्प्लिटर कुर्ल्याला लावा: एसडीएनमध्ये मल्टिकास्ट बसवताना

काकांचा भांडुपला केबलचा धंदा होता. गच्चीवरून एकच वायर सोडायची आणि जिथे दोन घरांकडे जायचं तिथे स्प्लिटर ठोकायचा, हे मी शाळेत असतानाच शिकलो. मल्टिकास्ट, म्हणजे एकच स्ट्रीम अनेक ऐकणाऱ्यांकडे पोचवणं, म्हणजे तेच. एसडीएनमध्ये (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग) स्प्लिटर कुठे ठोकायचा ते कंट्रोलर, म्हणजे सगळ्या स्विचना रूल देणारा एक मध्यवर्ती प्रोग्रॅम, ठरवतो, एवढाच फरक.

सरावाला मिनिनेट (लॅपटॉपवरच खोटं नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर), त्यात ओपन व्हीस्विच हे सॉफ्टवेअर स्विच ओपनफ्लो १.३ वर (कंट्रोलर आणि स्विच यांच्यातली भाषा), आणि कंट्रोलर रियू. मी स्विचना स्टेशनांची नावं देतो, लॉग पटकन वाचता येतो. दादर–कुर्ला एक लिंक, पुढे कुर्ला, ठाणे, वाशी असा त्रिकोण. पाठवणारा दादरला, ऐकणारे ठाण्याला आणि वाशीला, ग्रुपचा पत्ता २३९.१.१.१. त्रिकोण मुद्दाम ठेवलाय. आळस करून या पत्त्यावर 'फ्लड' (आलेलं पॅकेट बाकी सगळ्या पोर्टांवर सोडणं) लावलंत तर पॅकेटं त्यात फिरतच राहतात. माझ्या लॅपटॉपचा पंखा असा किंचाळला की मिक्सर चालू राहिला का ते बघायला आई उठली.

आधी कोण ऐकतंय ते कळायला हवं. आयपी प्रोटोकॉल २, म्हणजे आयजीएमपी (ऐकणारा होस्ट 'मी या ग्रुपमध्ये आहे' असा रिपोर्ट ज्यातून देतो तो), कंट्रोलरकडे पाठवणारा रूल प्रत्येक स्विचवर सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीने टाका. आयजीएमपी २ चा रिपोर्ट ग्रुपच्याच पत्त्यावर जातो. डेटाचा रूल वर राहिला तर रिपोर्ट त्यातच वाहून जातो आणि कंट्रोलरला पत्ता लागत नाही. डेटाची पॅकेटं मात्र कंट्रोलरकडे चुकूनही नकोत.

आता मार्ग. डायक्स्ट्रा (सगळ्यात छोटी वाट काढणारा अल्गोरिदम) दादरपासून एकदाच चालवा आणि प्रत्येक स्विचचा पालक, म्हणजे दादरकडे जाताना त्याच्या आधीचा स्विच, लिहून ठेवा. मग प्रत्येक ऐकणाऱ्यापासून पालक धरून वर चढा, झाडाला टेकलात की थांबा. प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळा शॉर्टेस्ट पाथ काढून सगळे एकत्र जोडू नका: दोन वाटा सारख्याच लांबीच्या निघाल्या की झाडाऐवजी लूप बनू शकतो. सगळ्यात कमी लिंक लागतील असं झाड हवं तर तो स्टायनर ट्री, आणि त्याचं अचूक उत्तर एनपी-हार्ड, म्हणजे मोठ्या नेटवर्कवर झटपट काढायची पद्धत माहीत नाही. शिवाय कोणी आलं-गेलं की अख्खं झाड हलू शकतं, बाकीच्यांचं चित्र अडखळतं. मी त्या वाटेला जात नाही.

कुर्ल्याला ओपनफ्लोचा 'ऑल' प्रकारचा ग्रुप लागेल (हा ग्रुप वरचा पत्ता नव्हे, तर कॉपी कुठे-कुठे पाठवायच्या त्याची स्विचमधली यादी), त्यात दोन बकेट: एक ठाण्याच्या पोर्टचं, एक वाशीच्या. प्रत्येक बकेटला पॅकेटची वेगळी कॉपी मिळते. ग्रुप आधी, त्याच्याकडे बोट दाखवणारा फ्लो रूल नंतर, उलट केलंत तर स्विच एरर देतो. रूलमध्ये इन-पोर्टही (पॅकेट कोणत्या पोर्टातून यायला हवं ते) लिहा, म्हणजे भलतीकडून आलेली कॉपी पुढे सरकत नाही. आणि भरती पानांकडून मुळाकडे करा: ठाणे-वाशी, मग कुर्ला, दादर शेवटी.

कुर्ला–वाशी लिंक तोडून बघा. वाशीचा पालक आता ठाणे. आधी वाशीला ठाण्याकडून येणारं घेणारा रूल, मग ठाण्याच्या ग्रुपमध्ये त्याच्या स्वतःच्या होस्टच्या बकेटासोबत वाशीचं बकेट, शेवटी कुर्ल्याच्या ग्रुपमधून वाशीचं बकेट काढायचं. १.३ मध्ये सुटं बकेट घालता-काढता येत नाही, पूर्ण यादी पुन्हा पाठवावी लागते. मी एकदा फक्त नवं बकेट पाठवलं आणि ठाण्याचा स्वतःचा होस्ट मुका झाला.

माझे दोन रविवार मात्र वेगळ्याच गोष्टीत गेले. सगळं छान चालायचं आणि ४ मिनिटं २० सेकंदांनी चित्र गोठायचं. दर वेळी. शेवटी २६० हा आकडा डोळ्यांत भरला: इतका वेळ रिपोर्ट आला नाही तर सदस्य गेला असं धरायचं, हे मीच कोडमध्ये लिहिलं होतं. पण होस्टला कोणी विचारल्याशिवाय तो पुन्हा कशाला सांगेल? नेहमी राउटर विचारतो, माझ्या लॅबमध्ये राउटरच नव्हता. कंट्रोलरकडून दर १२५ सेकंदांनी 'कोण ऐकतंय?' अशी क्वेरी सोडायला लागलो, स्ट्रीम रात्रभर चालू ठेवला आणि सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं तर कुर्ल्याच्या दोन्ही बकेटांचे काउंटर सारखेच पळत होते.