ट्रॉमा पेशंटवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवताय? या चुका टाळा

"फास्ट निगेटिव्ह आहे, पोटात ब्लीडिंग नाहीये." कॅज्युअल्टीत हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फास्ट म्हणजे ट्रॉमा पेशंटच्या पोटाची आणि हृदयाची ती दोन-तीन मिनिटांची झटपट सोनोग्राफी, आणि ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते, की आत्ता पोटातल्या आणि हृदयाभोवतीच्या ठरावीक जागांमध्ये दिसण्याइतकं पाणी (म्हणजे रक्तासकट कुठलाही द्रव) जमलंय का. रक्त कुठून येतंय, थांबलंय का, किडनीला आणि मेंदूला पुरेसं रक्त पोचतंय का, यातलं काहीही ती सांगत नाही.

बरं, दिसण्याइतकं म्हणजे किती? १९९५ मध्ये एका अभ्यासात झोपलेल्या पेशंटच्या पोटात हळूहळू पाणी सोडून हे बघितलं होतं, तेव्हा लिव्हर आणि किडनीच्या मधल्या फटीत ते ओळखू यायला सरासरी ६०० एमएलच्या वर पाणी लागलं. हात चांगला बसलेला असेल तर २००-२५० लाही दिसतं, पण रात्री दोन वाजता, घाईत, जाड पेशंटवर तेवढ्याची खात्री धरू नका. आता हिशोब करा. ७० किलोच्या माणसाच्या अंगात रक्त ५ लिटरच्या आसपास असतं, त्यातलं ७५० एमएल जाईपर्यंत पल्स आणि बीपी दोन्ही बऱ्यापैकी नॉर्मल राहू शकतात आणि वरचा बीपी नीट पडायला लागतो तो साधारण ३० टक्के, म्हणजे दीड लिटर गेल्यावर. म्हणजे अपघातानंतर लगेच आणलेल्या पेशंटचा बीपी ११०, फास्ट निगेटिव्ह, आणि तरी स्प्लीन (प्लीहा) फाटलेली, असं आरामात असू शकतं.

म्हणून फास्ट एकदा करून फाईलला लावायची नसते. पंधरा-वीस मिनिटांनी परत करा, पल्स चढली की परत, बीपी हलला की लगेच परत. आणि प्रत्येक वेळी वेळ लिहा, नुसतं "फास्ट निगेटिव्ह" लिहिलं तर पुढच्या शिफ्टच्या माणसाला कळतच नाही की ते पाच मिनिटांपूर्वीचं आहे की तीन तासांपूर्वीचं.

निगेटिव्ह आलं आणि पेशंट शॉकमध्येच आहे (म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाहीये), तर मशीनशी भांडत बसू नका, दुसरीकडे बघा. छाती, पेल्व्हिस (कमरेच्या हाडांचं कडं), मांड्या, आणि स्ट्रेचरखालची फरशी. एका मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये लिटर-दीड लिटर रक्त सहज मावतं. पेल्व्हिस फुटलं की रक्त पोटाच्या मागच्या भागात साठतं आणि तिथे फास्टची नजर पोचतच नाही. आतड्याला भोक पडलं असेल तर तेही सुरुवातीला दिसत नाही. पेशंट स्टेबल असेल तर सीटी, नसेल तर सर्जनला फोन, सोनोग्राफीच्या रूममध्ये अजून दहा मिनिटं नाही.

उलटी चूकही होते. दिसलेलं सगळं काळं रक्तच असतं असं नाही, लिव्हरच्या जुन्या आजाराचं पाणी असेल, पेरिटोनियल डायलिसिस (पोटात पाणी सोडून केलेलं डायलिसिस) चालू असेल, ब्लॅडर फुटून लघवी असेल, सोनोग्राफीत हे सगळं सारखंच काळं दिसतं. पण पेशंट अनस्टेबल असेल तर ते रक्तच आहे असं धरून चाला, चर्चा नंतर.

चित्र येत नाहीये किंवा चुकीचं येतंय

उजवी बाजू सगळ्यांना सोपी वाटते आणि तिथेच लोक फसतात, कारण लिव्हर-किडनीची मधली फट स्वच्छ दिसली की प्रोब उचलला जातो. पाणी सगळ्यात आधी बऱ्याचदा लिव्हरच्या खालच्या टोकाशी दिसतं, त्यामुळे प्रोब खाली सरकवून ते टोक पूर्ण दिसेपर्यंत थांबा आणि प्रोब पुढून मागे हळू फिरवा, एका फ्रेमवर निकाल देऊ नका. पेशंटला थोडं डोक्याकडून खाली करता आलं तर थोडं पाणीही वर सरकून दिसतं, अर्थात डोक्याला मार असेल किंवा श्वास लागलेला असेल तर हे करू नका.

डावी बाजू खरी अवघड. प्रोब तुम्हाला वाटतो त्यापेक्षा वर आणि मागे हवा, इतका मागे की धरलेल्या हाताची बोटं गादीला टेकली पाहिजेत. तरी बरगड्यांच्या काळ्या सावल्या चित्राचे तुकडे करत असतील तर प्रोब थोडा तिरका करून दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत बसवा. आणि इथे नुसतं स्प्लीन-किडनीच्या मध्ये बघून चालत नाही, डाव्या बाजूला पाणी आधी डायफ्राम (छाती आणि पोटामधला पडदा) आणि स्प्लीनच्या मध्ये जमतं, अगदी स्प्लीनच्या डोक्यावर एक बारीक काळी चंद्रकोर दिसते. डायफ्राम पूर्ण दिसला नाही तर तो व्ह्यू झालाच नाही असं समजा. पोट भरलेलं असेल तर त्यातलं पाणीही काळं दिसतं, पण त्याला स्वतःची भिंत असते आणि आत अन्नाचे कण हलताना दिसतात.

पेल्व्हिसचा व्ह्यू कॅथेटर टाकायच्या आधी घ्या. ब्लॅडर रिकामं झालं की खिडकीच बंद. आणि भरलेल्या ब्लॅडरच्या मागचा भाग पांढराफटक दिसतो, त्या उजेडात थोडंसं पाणी गडप होतं, म्हणून चित्राच्या खालच्या पट्ट्यातला गेन (उजळपणा) कमी करून परत बघा. ही सेटिंग कोणी शिकवत नाही आणि त्यामुळे किती पाणी निसटतं कोण जाणे.

अजून एक, ताजं रक्त काळं असतं पण गोठलेलं रक्त राखाडी दिसतं, कधी कधी हुबेहूब लिव्हरसारखं. "पाणी नाही पण स्प्लीनचा आकार विचित्र वाटतोय" असं मनात आलं तर ते गोठलेलं रक्त असू शकतं, तसंच सोडू नका.

हृदयाच्या व्ह्यूमध्ये समोरची चरबी पाहून अनेकांना पाणी वाटतं. चरबी सहसा फक्त पुढच्या बाजूला असते, तिच्यात बारीक ठिपके दिसतात आणि ती हृदयाबरोबर हलते. छातीत भोसकलेला पेशंट असेल आणि हृदयाभोवती पाणी नाही पण डाव्या छातीत रक्त आहे, तर हृदय सुटलं असं म्हणू नका, आवरण फाटून रक्त छातीत निघून गेलेलं असू शकतं.

आयव्हीसीवर आंधळा विश्वास

पोटातली मोठी शीर, आयव्हीसी, चपटी दिसली की "पेशंट ड्राय आहे, फ्लुइड द्या", जाड दिसली की "फुल आहे, बंद करा", असा सरधोपट नियम झालाय आणि तो मला अजिबात पटत नाही. नियमाचा आधार तसा बरोबर आहे. स्वतः श्वास घेणाऱ्या पेशंटमध्ये आयव्हीसी २.१ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल आणि जोरात हुंगल्यावर निम्म्याहून जास्त दबत असेल तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं प्रेशर कमी धरतात. पण हा आकडा प्रेशरचा अंदाज आहे, शरीरात रक्त किती उरलंय त्याचं माप नाही.

पहिली गडबड म्हणजे शीर सोडून शेजारची महाधमनी मोजली जाते. महाधमनीची भिंत जाड आणि चकचकीत असते, ती हृदयाच्या ठोक्याला उडते, आणि आयव्हीसी लिव्हरच्या आतून जाऊन हृदयात शिरताना दिसली पाहिजे, ते शिरणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मोजू नका. दुसरी, लांबीत बघताना प्रोब शिरेच्या मध्यावरून जरा जरी घसरला तरी ती बारीक दिसते, वर श्वासाबरोबर ती प्रोबखालून सरकते आणि वाटतं की दबली. उपाय सोपा, प्रोब ९० अंशात फिरवून आडवं बघा. चपटी असेल तर आडव्यातही चपटीच दिसेल. तिसरी गोष्ट, तुमचाच हात, जोरात दाबलात तर शीर तुम्हीच दाबताय.

पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की सगळं उलटं होतं, मशीन श्वास देताना शीर फुगते आणि श्वास सोडताना लहान होते, त्यामुळे आधीचे आकडे तिथे लावूच नका. आणि ट्रॉमात सगळ्यात घातक म्हणजे जाड आयव्हीसी पाहून निर्धास्त होणं, कारण हृदयाभोवती रक्त साठलं किंवा छातीत हवा अडकून प्रेशर वाढलं की शीर जाडच दिसते आणि पेशंट शॉकमध्ये मरणाच्या दारात असतो. शॉक आणि जाड आयव्हीसी एकत्र दिसली की आधी हृदय आणि दोन्ही फुप्फुसं बघा, मग बाकीचं. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर गर्भाशय शीर दाबतं, तेव्हा पेशंटला डाव्या कुशीकडे कलवून मगच मत बनवा.

डॉप्लरमध्ये फ्लो दिसत नाहीये?

हातापायाला मार लागलाय, कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी) लावला आणि आर्टरी काळीच. लगेच "फ्लो नाही" लिहू नका, आधी प्रोबचा कोन बघा. रक्ताच्या प्रवाहाला प्रोबची लहर सरळ ९० अंशात लागली तर डॉप्लरला काहीच कळत नाही, कोन ६० अंश किंवा त्याच्या खाली आणा. मग स्केल (मशीन किती वेगापर्यंतचा प्रवाह दाखवेल ती मर्यादा) कमी करा, कारण शॉकमध्ये प्रवाह मंद असतो आणि स्केल मोठ्या वेगासाठी लावलेला असेल तर तो रंगात येतच नाही. वॉल फिल्टर (मंद हालचाल गाळून टाकणारी सेटिंग) कमी, कलर गेन थोडा वाढवा, ठिपके उडायला लागले की एक पायरी मागे. तरीही नाही दिसलं तर दुसऱ्या बाजूच्या निरोगी हातापायावर तीच सेटिंग लावून बघा. तिथे व्यवस्थित दिसतंय आणि इथे नाही, तर मग गोष्ट खरी आहे.

आणि आवाज आला म्हणजे आर्टरी शाबूत, असंही नाही. तुटलेल्या जागेच्या पुढे बाजूच्या छोट्या वाटांनी रक्त येतं आणि डॉप्लर छान वाजतो. पायाला मार असेल तर घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरने भागा, ०.९ च्या खाली आला तर सीटी अँजिओग्राफीचा विचार करा. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये (सुजेमुळे स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढतो तेव्हा) तर पल्स शेवटपर्यंत लागू शकते, तिथे असह्य दुखणं हीच खूण, डॉप्लर नाही.

बोटावरच्या प्रोबचंही थोडं. पल्स ऑक्सिमीटरचं ९८ म्हणजे आलेल्या रक्तात ऑक्सिजन आहे, रक्त किती येतंय ते नाही. आगीतून आणलेल्या पेशंटमध्ये तर कार्बन मोनॉक्साइडमुळे तो आकडा साफ खोटा असू शकतो. स्क्रीनवरची लाट बारीक आणि वेडीवाकडी असेल तर आकडा वाचायचाच नाही. स्नायूतला ऑक्सिजन प्रकाशाने मोजणारी किंवा जिभेखालच्या केशवाहिन्या दाखवणारी मशीन ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सूज, जाड चरबी, बाहेरचा उजेड आणि प्रोबचा दाब एवढं सांभाळावं. जिभेखाली प्रोब जरा दाबला तरी प्रवाह थांबलेला दिसतो आणि रेकॉर्डिंगवरून पेशंट उगाच वाईट ठरतो.

शेवटचं सीपीआरमधलं. पल्स चेकला हृदय बघायला प्रोब ठेवला की सगळे स्क्रीनकडे बघत राहतात आणि दहा सेकंदांचे वीस कधी होतात कळत नाही, तेवढा वेळ छाती दाबणं बंद. कॉम्प्रेशन चालू असतानाच प्रोब जागेवर लावून ठेवा, एकाने मोठ्याने सेकंद मोजा, क्लिप रेकॉर्ड करा, दहाला प्रोब उचला आणि क्लिप कॉम्प्रेशन सुरू झाल्यावर बघा. चित्र नाही आलं तर पुढच्या पल्स चेकला, मध्ये थांबायचं नाही.