परक्या मैदानावर सलामी: लहान कॉलेज फुटबॉल टीमची तयारी कशी करावी

अमेरिकेत ऑगस्ट संपता संपता कॉलेज फुटबॉल सुरू होतं. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, लांबट चेंडूचा आणि हेल्मेट-पॅडवाला. पहिल्या एक-दोन आठवड्यांत एफबीएस या वरच्या गटातली बडी विद्यापीठं एफसीएस गटातल्या लहान टीमना पैसे देऊन आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात. बहुतेक वेळा पाहुणे सडकून मार खातात आणि चेक घेऊन घरी जातात. पण २००७ साली मिशिगनने चार लाख डॉलर देऊन बोलावलेल्या अ‍ॅपलाचियन स्टेटने एक लाखावर प्रेक्षकांसमोर त्यांना ३४-३२ असं हरवलं. २०१७ मध्ये यूएनएलव्हीने (लास व्हेगासमधलं नेवाडा विद्यापीठ) हॉवर्डला सहा लाख डॉलर दिले. सट्टेबाजांच्या लेखी हॉवर्ड ४५ गुणांनी मागे होती, तरी ती लास व्हेगासमध्ये ४३-४० ने जिंकली. अशा सामन्याची तयारी नेहमीच्या आठवड्यासारखी करून भागत नाही.

सामना आखूड करा

कित्येक वर्षं एफबीएसला ८५ आणि एफसीएसला ६३ शिष्यवृत्त्या अशी मर्यादा होती. आता नियम बदलले आहेत, पण दरी बुजलेली नाही. ती पहिल्या अकरांत तितकी जाणवत नाही. त्यांच्यामागे बसलेल्या दुसऱ्या फळीत जाणवते. यजमान चौथ्या क्वार्टरमध्ये ताज्या दमाचे डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाच्या पुढच्या फळीतले) उतरवतो, तेव्हा आपल्या आक्रमणाच्या पुढच्या फळीतले तेच पाच जण साठावा प्ले (चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव) खेळत असतात. म्हणून प्लेची संख्याच कमी करायची. पावसामुळे पन्नास षटकांची मॅच वीसची झाली की दुबळ्या संघाची आशा वाढते, तसाच हा हिशेब आहे.

एरवी एका टीमला साधारण ६५ ते ७५ प्ले मिळतात, आपण ५५ ते ६० चं लक्ष्य ठेवायचं. दोन प्लेमध्ये ४० सेकंदांचं प्ले क्लॉक असतं, त्यात पाच किंवा कमी सेकंद उरल्यावरच स्नॅप घ्यायचा, म्हणजे मधल्या सेंटरने चेंडू मागे क्वार्टरबॅककडे (आक्रमण चालवणाऱ्याकडे) सोडायचा. धावणाऱ्याने साइडलाइनबाहेर जायचं नाही, मैदानातच पडायचं. २०२३ पासून फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेल्यावर नवे चार प्रयत्न) मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही (प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं सोडून), हा बदल आपल्या फायद्याचा आहे.

यात चूक होते ती हडलमध्ये (प्लेआधी घोळका करून पुढचं ठरवताना). तीन सेकंद उरले असताना टीम लाइनवर पोहोचली तर क्वार्टरबॅकला बचावाची रचना वाचायलाच वेळ मिळत नाही. मग टाइमआउट तरी जातो किंवा उशिराबद्दल (डिले ऑफ गेम) दंडाचे पाच यार्ड. म्हणून सरावाला घड्याळ मैदानात दिसेल असं लावा आणि दोन आकडे पक्के करा: १८ ला हडल मोडायचा, १४ ला सगळे लाइनवर.

नॉर्थ डकोटा स्टेटने २०१३ च्या सलामीला कॅन्सस स्टेटच्या मैदानावर हेच केलं. २१-७ ने मागे पडूनही घाई केली नाही. शेवटच्या ड्राइव्हमध्ये (चेंडू हाती असतानाच्या सलग चढाईत) १८ प्लेत ८० यार्ड काढत साडेआठ मिनिटं खाल्ली आणि २८ सेकंद उरले असताना टचडाउन करून २४-२१ ने जिंकले. अ‍ॅपलाचियन स्टेटचा मार्ग उलटा होता, हडल न करता वेगात खेळायचा. पण ती टीम सलग दोन वर्षांची एफसीएस विजेती होती आणि तो वेग तिच्या अंगात मुरलेला होता. वसंतातल्या सरावापासून तो बसवला नसेल तर ऑगस्टमध्ये त्याच्या नादी लागू नका.

फिल्म कुठली बघायची

सलामीच्या प्रतिस्पर्ध्याची या वर्षाची फिल्मच नसते. गेल्या वर्षीची बघून गेम प्लॅन बांधला की हमखास फसगत होते, कारण मधल्या काळात कोऑर्डिनेटर (आक्रमण किंवा बचाव आखणारा कोच) बदललेला असतो आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दहा-पंधरा नवे खेळाडू आलेले असतात. नवा कोऑर्डिनेटर असेल तर तो आधी जिथे होता तिथली फिल्म मागवा. थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) सातपेक्षा जास्त यार्ड हवे असताना तो काय करतो आणि शेवटच्या वीस यार्डांत काय करतो, हे दोन ढीग आधी काढा. माणूस नोकरी बदलतो, अडचणीतली सवय सहसा बदलत नाही. नव्या खेळाडूची फिल्म त्याच्या जुन्या कॉलेजच्या सामन्यांतून काढायची.

एवढं करूनही न पाहिलेलं काहीतरी समोर येणारच. त्यासाठी डिफेन्सला एक ठरलेला आसरा द्या: ओळखीची नसलेली रचना दिसली की साइडलाइनकडे न बघता मूळ कव्हरेजमध्ये (पास अडवायच्या रचनेत) जायचं. कॉलची यादी चाळीसच्या आत ठेवा. शंभर कॉलची लॅमिनेटेड शीट कोचच्या हातात रुबाबदार दिसते, पण खेळाडूंचा गोंधळ तिच्यातूनच सुरू होतो.

आपलीही फिल्म त्यांच्याकडे नसते, हे विसरू नका. एखादी नवी फॉर्मेशन किंवा ट्रिक प्ले स्प्रिंग गेममध्ये (वसंतातल्या सराव सामन्यात) दाखवून टाकू नका.

आवाजात स्नॅप

मोठ्या स्टेडियममध्ये क्वार्टरबॅकची हाक पाच यार्डांवरच्या सेंटरलाही ऐकू जात नाही. म्हणून सायलेंट काउंट (हाक न देता खुणेवर स्नॅप) हवा, आणि तो शेवटच्या आठवड्यात नव्हे, कॅम्पच्या पहिल्या आठवड्यापासून.

क्वार्टरबॅक तयार झाला की पाय उचलतो. सेंटरशेजारचा उजवा गार्ड मागे बघत असतो, तो सेंटरच्या मांडीवर थाप मारतो. सेंटर खाली असलेली मान वर करतो, मनात एक अंक मोजतो आणि चेंडू सोडतो. गार्ड लगेच पुढे वळतो. दोन्ही टॅकल (लाइनच्या टोकांचे खेळाडू) लांब असल्याने चेंडूकडे तिरप्या नजरेने बघून उठतात, म्हणजे ते जन्मजात अर्धा क्षण उशिरा असतात. समोरच्या डिफेन्सिव्ह एंडच्या (बचावाच्या टोकाच्या खेळाडूच्या) हे लगेच लक्षात येतं. मान वर झाल्यावर ठरावीक वेळाने चेंडू सुटतो, हे दोन-तीनदा पाहिलं की तो टॅकलच्या आधीच सुटतो आणि क्वार्टरबॅकला मागून गाठतो.

यावर उपाय म्हणजे तीन वेगळे काउंट: मान वर होताच स्नॅप, एक मोजून स्नॅप, दोन मोजून स्नॅप. कुठला घ्यायचा ते हडलमध्येच सांगायचं. सेंटरची मान प्रत्येक वेळी सारख्याच संथपणे वर यायला हवी. बचावाला फसवायला झटका दिला तर पंच फॉल्स स्टार्टचे (स्नॅपआधी हलल्याबद्दल दंडाचे) पाच यार्ड लावू शकतात. दुसरा धोका उंच स्नॅपचा. काउंटच्या विचारात सेंटरचं मनगट लवकर सुटतं आणि चेंडू क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून जातो. म्हणून रोज सरावाआधी सेंटर आणि क्वार्टरबॅक यांच्यात फक्त सायलेंट काउंटवर तीस स्नॅप करून घ्या.

सरावात आवाज लावताना गाणी लावू नका. गाण्याला ठेका असतो आणि मुलं नकळत त्यावर काउंट धरतात. प्रेक्षकांचा सलग कल्ला लावा. दोन स्पीकर लाइनच्या दोन्ही टोकांना दहा यार्डांवर ठेवा आणि शेजारच्याचं ओरडणंही समजणार नाही इतका आवाज चढवा. मात्र एका वेळी वीस मिनिटांच्या वर नको, कानांवर परिणाम होतो.

स्पेशल टीम

लहान टीमला सर्वांत स्वस्तात फायदा इथे, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या युनिटांत मिळतो. मिशिगनने शेवटच्या सेकंदांत मारलेला ३७ यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून मारायची तीन गुणांची किक) अडवूनच अ‍ॅपलाचियन स्टेटने तो सामना जिंकला, आणि त्याआधी दीड मिनिट उरलं असतानाही एक अडवला होता. फील्ड गोलला स्नॅपपासून किकपर्यंत १.३ सेकंद लागायला हवेत, १.४ च्या वर गेलं की ब्लॉक व्हायची भीती. पंटला (चेंडू समोरच्यांना देताना लांब मारायची किक) लाँग स्नॅप पंधरा यार्ड मागे जातो, त्याला पाऊण सेकंदाच्या आसपास लागावं आणि सगळं मिळून २.१ च्या आत उरकावं. रोज स्टॉपवॉच लावा आणि आकडे भिंतीवर लिहा. सलामीला पंट ब्लॉक होण्याचं कारण बहुधा ताकद नसते. कोणी कोणाला धरायचं हे शेवटच्या क्षणी बदललेलं असतं आणि बदली खेळाडूला कोणी सांगितलेलं नसतं.

त्यासाठी सामन्याआधीच्या शनिवारी पूर्ण नाटक करा: साइडलाइन, प्रत्येक युनिटचा कोच, आणि कोच अचानक ओरडणार, ‘अमका जखमी!’ त्याचा बदली दहा सेकंदांत मैदानात हवा. पहिल्या सामन्यात मैदानावर बारा जण उभे राहणं किंवा दहाच उभे राहणं फार महागात पडतं.

ऊन

ऑगस्टमधल्या दक्षिणेत हा विषय जिवावरचा आहे. दिवसातून दोनदा पूर्ण सराव घेण्यावर २०१७ पासून बंदी आहे. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, मग हळूहळू पॅड. सरावाआधी आणि नंतर कोरड्या शॉर्ट्सवर प्रत्येकाचं वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव आणि मीठ, तेही पुढच्या काही तासांत थोडं थोडं करून. दुसऱ्या सकाळी वजन भरून आलं नसेल तर त्या मुलाचा सराव कमी करा. पहिल्या सामन्यात पोटऱ्यांत गोळे येतात ते फक्त पाणी कमी पडल्याने नव्हे. सामन्याचा वेग सरावाच्या वेगापेक्षा जास्त असतो आणि थकलेला स्नायू आखडतो.

मुलगा बरळायला लागला, तोल जाऊ लागला तर उष्माघात समजा. गुदद्वारातून तापमान घ्या, कपाळावर हात लावून किंवा कानाच्या थर्मामीटरने काही कळत नाही. ४० अंशांच्या वर असेल तर बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवा. आधी गार करा, मग अ‍ॅम्ब्युलन्समधून हलवा. परक्या स्टेडियममध्ये टब कुठे आहे आणि त्यात बर्फ कोण घालणार, हे यजमानांच्या ट्रेनरला आठवडाभर आधी विचारून ठेवा.

ट्रक आणि बस

सामानाचा ट्रक एक दिवस आधी निघतो. हेल्मेटचे स्क्रू, जबड्याचे पॅड, चिनस्ट्रॅप, जादा फेसमास्क, बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर आणि बिननंबरच्या दोन-तीन पांढऱ्या जर्सी हव्यातच. मैदान गवताचं आहे की टर्फचं हे कळलं असलं तरी दोन्ही प्रकारचे बूट घ्या. माउथगार्ड, हेडसेटच्या बॅटऱ्या, क्वार्टरबॅकच्या मनगटावरच्या पट्ट्या आणि औषधं मात्र बसमध्ये. ट्रक रस्त्यात बंद पडला तरी या वस्तू हाताशी राहतात.

चेंडूही आपलेच न्यायचे, कारण आपल्या आक्रमणाला आपलाच चेंडू वापरता येतो. नवं कातडं निसरडं असतं. दोन आठवडे आधीपासून कडक ब्रशने घासून, लेदर कंडिशनर लावून सरावात वापरा. हवा १२.५ ते १३.५ पीएसआय.

शुक्रवारी स्टेडियममध्ये अर्धा-पाऊण तासाचा वॉकथ्रू (चालत केलेली उजळणी) पुरे. किकरना मात्र सामन्याच्या दिवशी दीड तास आधी मैदानात सोडा, दोन्ही टोकांना वारा वेगळा वाहतो. जेवण किकऑफच्या चार तास आधी: भात, पास्ता, चिकन. तळलेलं आणि नवं काही नको.

पहिले पंधरा प्ले आदल्या रात्री लिहून क्वार्टरबॅकला द्या. पहिला प्ले असा निवडा की सगळ्यांना एकेक टक्कर मिळेल. मुलं आवाजाने बिचकलेली असतात, टक्कर झाली की भानावर येतात. टॉस जिंकलात तर निवड दुसऱ्या हाफवर ढकला.

टू-पॉइंट कन्व्हर्जनचे (टचडाउननंतर दोन जादा गुणांच्या प्रयत्नाचे) तीन प्ले तयार ठेवा आणि किती गुणांच्या फरकावर ते खेळायचे याचा तक्ता आधीच ठरवा. २००७ मध्ये मिशिगनने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही फसले आणि सामना दोन गुणांनी गेला. हा निर्णय लाखभर लोकांच्या कल्ल्यात उभं राहून घ्यायचा नसतो. तक्ता गुरुवारी बनवा, लॅमिनेट करा आणि हेड कोचच्या खिशात ठेवा.